आधी चौकट मोजा, मग चित्र कापा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बरीच वर्षं छपाईसाठी माहितीपत्रकं आणि पोस्टर केल्यावर प्रश्नकर्त्याने आता वेबसाइटची पानं करायला घेतली आहेत. फोटोशॉपमध्ये ७२ डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ७२ ठिपके) १९२० पिक्सेल रुंदीचं पान मांडलं, त्यातून बॅनर, फोटो, लोगो आणि आयकॉन कापून डेव्हलपरला दिले. पान उघडल्यावर लोगो धूसर दिसतो, फोटोंचे रंग उतरलेले वाटतात, बॅनरवरची अक्षरं फोनवर वाचता येत नाहीत आणि डेव्हलपर म्हणतो फाइली फार जड आहेत. चुकतंय कुठे?

तक्रारी चार असल्या तरी रंगाची एक सोडली तर बाकीच्यांचं मूळ एकच आहे. छपाईत कागद आधी ठरतो. ए४ म्हणजे ए४, तो वाचकाच्या हातात गेल्यावर अरुंद होत नाही. वेबपानावर चित्र ज्या चौकटीत बसतं, ती चौकट मात्र प्रत्येक पडद्यावर वेगळी होते. तुम्ही मोठ्या पानातून चित्र कापून काढलं, म्हणजे त्या चौकटीच्या असंख्य रूपांपैकी एकाच रूपाचं माप घेतलं. माझा अनुभव असा की, फाइल उघडण्याआधी चौकटीची मापं कागदावर लिहून घेतली की निम्मे निर्णय आपोआप होतात.

पण त्याआधी ७२ डीपीआयचा निकाल लावू. हा आकडा १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावरून आला. त्यावर एका इंचात ७२ पिक्सेल होते. आज फाइलमध्ये लिहिलेला डीपीआय ही छपाईयंत्रासाठीची टीप आहे, ब्राउझर त्यावरून चित्राची तीक्ष्णता ठरवत नाही. ८०० × ६०० चं चित्र ७२ वर जतन करा किंवा ३०० वर, पिक्सेल तेवढेच आणि वजनही जवळपास तेवढंच. तेव्हा वेबसाठी इंच आणि डीपीआय विसरून फक्त पिक्सेल मोजा.

मोजताना एक भेद लक्षात घ्यावा लागतो. पानाच्या मांडणीतला पिक्सेल आणि पडद्यावरचा खरा ठिपका हे एकच नाहीत. २०१० मध्ये आयफोन ४ ने मांडणीतल्या एका पिक्सेलच्या जागी आडवे दोन आणि उभे दोन असे चार ठिपके आणले. आता बहुतेक फोन दुप्पट किंवा तिप्पट घनतेचे असतात, चांगले लॅपटॉपही. म्हणून मांडणीत २०० पिक्सेल रुंद दिसणारा तुमचा लोगो २०० चाच कापला, तर ब्राउझर तो ताणून ४०० किंवा ६०० ठिपक्यांवर पसरवतो. तुमचा धूसर लोगो हाच.

म्हणून सगळं तिप्पट करायचं का? फोटोंच्या बाबतीत नाही. दुप्पट आणि तिप्पट यांतला फरक फोटोमध्ये डोळ्याला क्वचितच कळतो, पिक्सेल मात्र सव्वादोनपट होतात. मी फोटोसाठी दुपटीवर थांबते. शिवाय दुप्पट मापाच्या फोटोला कॉम्प्रेशन (तपशील टाकून फाइल आवळणं) बऱ्यापैकी जास्त लावता येतं, कारण त्याचे डाग पडद्यावर निम्म्या आकाराचे दिसतात. एकपट मापाचा उत्तम दर्जाचा फोटो आणि दुप्पट मापाचा मध्यम दर्जाचा फोटो शेजारी ठेवून पाहा. दाट पडद्यावर बहुतेक वेळा दुसराच सरस दिसतो.

आता चौकट मोजण्याचं एक खरं उदाहरण घेऊ. लेखांची कार्डं आहेत, मोठ्या पडद्यावर एका ओळीत तीन. मजकुराची कमाल रुंदी १२००, कार्डांमध्ये २४ ची फट. दोन फटींचे ४८ वजा केले, तीनने भागलं, प्रत्येक कार्ड ३८४. टॅब्लेटवर ७६८ रुंदीत दोन कार्डं, दोन्ही बाजूंना १६ ची मोकळी जागा आणि मध्ये २४: कार्ड ३५६. फोनवर ३६० रुंदीत एकच कार्ड, बाजूला १६-१६: कार्ड ३२८. तीन पडदे, तीन मांडण्या, आणि चौकट ३२८ ते ३८४ च्या बाहेर गेलीच नाही! म्हणजे ४०० आणि ८०० अशा दोन फाइली पुरतात. फोनसाठी लहान आणि संगणकासाठी मोठी, असा सरसकट नियम लावला असता तर फोनवरच फोटो धूसर झाला असता, कारण दाट पडदा फोनचाच असतो.

वरचा बॅनर याच्या उलट. तो ३६० पासून १९२० पर्यंत कुठेही जातो. त्याला मी ४८०, ८००, १२००, १६०० आणि २४०० अशा पाच रुंदी करते आणि निवड ब्राउझरवर सोडते. डेव्हलपर हे पानाच्या एचटीएमएलमध्ये (पानाची रचना लिहिण्याची भाषा) एसआरसीसेट या गुणधर्मात लिहितो: कुठली फाइल किती रुंद, एवढंच. पण त्याच्या जोडीला साइझेस हा गुणधर्म लागतो, म्हणजे कुठल्या पडद्यावर चौकट किती रुंद असेल त्याची माहिती. ते लिहायचं राहिलं तर ब्राउझर धरून चालतो की चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीचं आहे, आणि ३८४ च्या कार्डासाठी १६०० ची फाइल उतरवून घेतो. मेहनतीने पाच फाइली करूनही पान जडच राहतं ते बहुधा यामुळे. ही मापं डिझायनरला माहीत असतात, डेव्हलपरला अंदाजाने लिहावी लागतात. म्हणून चित्रांसोबत चौकटींच्या मापांचा कागद द्यायचाच, तो तुमच्या कामाचा भाग आहे.

बॅनरच्या बाबतीत माप पुरत नाही, कापही बदलावा लागतो. आडव्या पडद्यावर १६:६ चं बॅनर शोभतं. तेच फोनवर १३५ पिक्सेल उंचीची पट्टी होतं आणि त्यातली व्यक्ती मुंगीएवढी. फोनसाठी ४:५ चा वेगळा काप घ्या, चेहऱ्याजवळ जा, बाजूचं सोडून द्या. एचटीएमएलच्या पिक्चर या घटकात दोन्ही काप देता येतात. वेगळा काप शक्य नसेल तर निदान फोटोतला महत्त्वाचा भाग कुठे आहे ते डेव्हलपरला सांगा, म्हणजे सीएसएसमधलं (पानाचं रूप ठरवणारी भाषा) ऑब्जेक्ट-पोझिशन लावून तो भाग कापला जाणार नाही अशी सोय होते. फोटो निवडतानाच विषयाभोवती भरपूर मोकळी जागा असलेला निवडला तर दोन्ही काप एकाच फोटोतून निघतात.

आणि बॅनरवरची अक्षरं. ती चित्रात नकोत. १९२० च्या बॅनरमधली ४० पिक्सेलची अक्षरं ३६० च्या फोनवर साडेसात पिक्सेलची होतात. मग वाचणार कोण? चित्रातला मजकूर शोधयंत्राला नीट मिळत नाही, दृष्टिहीनांच्या वाचक-सॉफ्टवेअरला कळत नाही, भाषांतर होत नाही, आणि एक मात्रा चुकली तर पूर्ण चित्र पुन्हा करावं लागतं. मजकूर एचटीएमएलमध्ये, फोटोच्या वर ठेवा. मात्र तिथे वाचनीयतेची जबाबदारी डिझायनरची. वेबच्या सुलभता निकषांप्रमाणे साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, हवा. पांढरी अक्षरं असतील तर मोजणी फोटोच्या सगळ्यात उजळ जागी करा, सरासरीवर नको. कमी पडला तर फोटोवर काळसर छटा लागेल. तीही सीएसएसमधून लावा, फोटोत भाजून टाकू नका. उद्या मजकूर उजवीकडे गेला तर छटाही सोबत जाईल.

हेच गोल कोपऱ्यांचं, सावल्यांचं, किनारींचं, रंगांच्या उतारांचं. एके काळी पानं सारणीच्या खणांत चित्रांचे तुकडे जुळवून उभी करत, गोल कोपऱ्याला चार वेगळ्या फाइली लागत. तुमची कापाकापीची पद्धत त्या काळाला साजेशी आहे. आता सीएसएसच्या एका ओळीत होणारं काहीही चित्रात द्यायचं नाही.

फॉरमॅटकडे येऊ. इथे मला थोडा वेळ घेऊ द्या, कारण नियम पाठ करण्यापेक्षा आत काय घडतं ते कळलं तर चुका होत नाहीत. १९९२ चं जेपीईजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक चढउतार टाकून देतं. डोंगर, चेहरा, कापड यांत तो तपशील गेलेला कळत नाही. पण पांढऱ्यावर काळं अक्षर म्हणजे एकदम तुटक कडा. ती त्या चौकोनात सहजपणे मांडता येत नाही आणि कडेभोवती धुळीसारखे डाग उरतात. दुसरं, रंगाची माहिती बहुधा आडवी-उभी निम्म्या मापात साठवली जाते, उजेडाची पूर्ण. म्हणून निळ्यावर लाल बारीक रेघ जेपीईजीत फिसकटते. आता कळेल की स्क्रीनशॉट, आलेख आणि रेखाचित्रं पीएनजीमध्ये का द्यायची. १९९६ चं पीएनजी काहीच टाकत नाही, सारख्या रंगाचे पट्टे ते फार छान आवळतं; उलट फोटोत शेजारचे दोन पिक्सेल क्वचितच सारखे असतात, म्हणून फोटोचं पीएनजी अवाढव्य होतं. तुमच्या जड फाइलींत फोटोंचे पीएनजी आहेत का ते आधी बघा. मला कुणी जड पान दाखवलं की पहिला संशय त्यांच्यावरच असतो. मोजके रंग असतील तर पीएनजी-८ करा, म्हणजे २५६ रंगांपर्यंतची पट्टी. वजन बऱ्याचदा निम्म्याहून खाली येतं.

नव्या फॉरमॅटांपैकी वेबपी २०१० मध्ये आलं, एव्हीआयएफ २०१९ मध्ये. सध्याचे सगळे प्रमुख ब्राउझर दोन्ही दाखवतात. फोटोसाठी मी एव्हीआयएफ आणि वेबपी दोन्ही देते, जुन्या ब्राउझरसाठी मागे जेपीईजी. पिक्चर घटक त्यातलं पहिलं चालणारं उचलतो. वेबपीच्या घट सोसणाऱ्या (तपशील टाकून आवळणाऱ्या) प्रकारात रंग कायम निम्म्या मापात साठतो, त्यामुळे वर सांगितलेल्या लाल रेघेची गत तिथेही तीच. अशा चित्रांना त्याचा बिनघट (काहीच न टाकणारा) प्रकार वापरा. एव्हीआयएफमध्ये रंग पूर्ण मापात ठेवता येतो, पण खूप आवळलं की ते त्वचेचा आणि गवताचा पोत मेणासारखा गुळगुळीत करतं. डाग दिसत नसल्यामुळे ही हानी पटकन लक्षात येत नाही, म्हणून मूळ फोटो शेजारी ठेवूनच ठरवा.

दर्जाच्या आकड्यावर विसंबू नका. एका सॉफ्टवेअरमधला ८० दुसऱ्यातल्या ८० सारखा नसतो, आणि जेपीईजीचा ८० वेबपीच्या ८० सारखा तर नाहीच. स्क्वूश नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्ये चालतं आणि मूळ व आवळलेलं चित्र मधल्या सरकत्या रेषेने शेजारी दाखवतं. त्यात आकडा खाली आणत जा, केसांच्या कडा आणि आकाशाचा उतार यांवर नजर ठेवा. आकाशात पायऱ्या दिसू लागल्या की एक पाऊल मागे या. प्रत्येक फोटोला वेगळा आकडा लागतो. धुक्यातला फोटो आणि गर्दीतला फोटो एका मापाने आवळले तर एक बिघडतो किंवा दुसरा जड राहतो.

क्रमही पाळा: आधी मूळ फाइलमधून अंतिम मापाला लहान करा, मग हलकीशी तीक्ष्णता द्या, मग निर्यात. लहान करताना कडा थोड्या मऊ होतात, त्या अंतिम मापावरच सावरता येतात. आधी तीक्ष्ण करून मग लहान केलं तर केसांना पांढरी किनार येते. प्रत्येक माप मुळातूनच काढा, आवळलेल्या जेपीईजीतून पुढचं जेपीईजी कधी नको.

तुमचे उतरलेले रंग छपाईच्या सवयीतून आले असावेत. छपाईसाठी फोटो सीएमवायके (चार शाईंची पद्धत) किंवा अडोबी आरजीबीमध्ये ठेवतात. वेबचा सामायिक रंगावकाश (कुठला आकडा म्हणजे कुठला रंग ते ठरवणारी व्यवस्था) एसआरजीबी आहे. अडोबी आरजीबीतला फोटो प्रोफाइल (रंगावकाश कुठला ते सांगणारी नोंद) न जोडता दिला की ब्राउझर त्याचे आकडे एसआरजीबी समजून वाचतो आणि रंग फिके पडतात. फोटोशॉपमध्ये ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरा. ‘असाइन प्रोफाइल’ आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ बदलतं, रंग आणखी बिघडतात. प्रोफाइल फाइलमध्ये जोडलेलं राहू द्या, काही किलोबाइटचाच प्रश्न असतो.

रंगाची आणखी एक खोड सांगते. वस्तूचा फोटो फिक्या राखाडी पार्श्वभूमीवर, पानालाही तोच राखाडी, आणि दोन्ही एकजीव दिसावेत अशी इच्छा. तसं होत नाही. कॉम्प्रेशनमध्ये राखाडी एखाद-दोन आकड्यांनी हलतो आणि फोटोची चौकोनी कड उठून दिसते. तिथे पार्श्वभूमी पारदर्शक करा. आणि पारदर्शक करताना कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल कुठल्या रंगाशी मिसळलेत ते तपासा. पांढऱ्या कागदावरून कापलेल्या लोगोला गडद पानावर पांढरी झालर दिसते. गडद रूप असलेल्या प्रत्येक पानासाठी मी लोगो पांढऱ्या, काळ्या आणि मधल्या राखाडी अशा तीन पार्श्वभूमींवर ठेवून बघते.

खरं तर लोगो आणि आयकॉन एसव्हीजीमध्येच हवेत. ते आकृतीचं वर्णन आहे, पिक्सेल नाहीत, म्हणून कुठल्याही घनतेवर तीक्ष्ण. पण एसव्हीजी असं नाव असलं म्हणून ती फाइल खरी एसव्हीजी असेलच असं नाही. पुष्कळदा आत एक पीएनजी चिकटवलेलं असतं. फाइल मजकूर-संपादकात उघडा. अक्षरांची न संपणारी भिंत दिसली तर आत चित्र आहे, आणि ते मजकूर-रूपात लिहिल्यामुळे मूळ पीएनजीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जड झालंय.

लोगोतली अक्षरं आकृतीत बदलून द्या, नाहीतर वाचकाकडे तो फॉन्ट नसेल तर लोगोचं रूपच बदलेल. देवनागरी लोगोत पुढे एक काम उरतं. शिरोरेषा, मात्रा आणि जोडाक्षरांचे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. अक्षरांना अर्धपारदर्शक रंग दिला की त्या चढलेल्या जागा गडद ठिपक्यांसारख्या दिसतात. सगळे तुकडे एकत्र जोडून एकच आकृती करा. आयकॉन २४ × २४ च्या जाळीवर काढा, रेघांची जाडी सगळ्या संचात एकच ठेवा आणि सरळ रेघा पूर्ण पिक्सेलवर बसवा. अर्ध्या पिक्सेलवर बसलेली रेघ साध्या पडद्यावर दोन फिक्या रेघांसारखी दिसते. एकरंगी आयकॉनला रंगाच्या जागी करंटकलर हा शब्द लिहिला की तो शेजारच्या मजकुराचा रंग घेतो, आणि वेगवेगळ्या रंगांच्या पाच फाइली कराव्या लागत नाहीत. निर्यातीनंतर फाइल एसव्हीजीओ या साधनातून काढा, ते संपादकाचा उरलेला कचरा साफ करतं. फक्त व्ह्यूबॉक्स (आकृतीच्या मूळ चौकटीची नोंद) काढू देऊ नका, तो गेला की आकृती चौकटीप्रमाणे लहान-मोठी होत नाही.

एसव्हीजीवरून एक दिवस माझा पूर्ण गेला होता, तो तुमचा वाचावा म्हणून सांगते. एका पानावर लोगो दोनदा होता, फोनसाठी एक आणि मोठ्या पडद्यासाठी एक, दोन्ही एचटीएमएलमध्येच लिहिलेले. मोठ्या पडद्यावरच्या लोगोतला रंगांचा उतार अचानक गायब. दोन्ही फाइलींत उताराची ओळखखूण (आयडी) ‘ए’ अशी एकच होती. ब्राउझर पानातली पहिली ‘ए’ शोधतो, ती फोनच्या लोगोत होती, आणि तो लोगो मोठ्या पडद्यावर लपवलेला. लपवलेल्या आकृतीतला उतार दुसरीला मिळत नाही. तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या ओळखखुणांना त्या फाइलच्या नावाचा उपसर्ग लावते.

फाइली सुपूर्द करताना प्रत्येक चित्राची रुंदी-उंची लिहून द्या. डेव्हलपरने ती टॅगमध्ये घातली की चित्र येण्याआधीच ब्राउझर जागा राखून ठेवतो आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. गूगलच्या मापनात या उडीचा गुणांक ०.१ च्या आत आणि पडद्यावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांत दिसला तर पान चांगलं धरतात. तो मोठा भाग बहुधा तुमचा बॅनरच असतो, म्हणून त्याला लेझी लोडिंग (वाचक जवळ आल्यावरच चित्र उतरवणं) लावू नका. ते खालच्या चित्रांसाठी आहे. फोनवर काढलेल्या फोटोंमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, ते काढून टाका. पण आधी फोटो खरोखर फिरवून घ्या, कारण फोटो उभा की आडवा हेही त्याच माहितीत असतं.

फाइलचं वजन कमी झालं म्हणजे काम संपलं असंही नाही. ४००० × ३००० चा फोटो कितीही आवळला तरी दाखवताना ब्राउझर तो पूर्ण उलगडतो: एक कोटी वीस लाख पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे सुमारे ४८ एमबी स्मृती. अशा दहा फोटोंच्या पानावर साधा फोन सरकवताना अडखळतो. म्हणून मापाला पर्याय नाही.

आधीच पानावर चढवलेल्या फाइलींचं काय करायचं, तर सगळ्या पुन्हा करत बसू नका. ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांत नेटवर्कचा भाग उघडा, फक्त चित्रं निवडा, वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. वरची पाच-सात चित्रंच बहुतेक भार वाहत असतात. त्यांच्या मूळ फाइली शोधून वरच्या पद्धतीने नव्याने काढा. ज्यांचं मूळ हरवलंय आणि हातात फक्त आवळलेलं जेपीईजी आहे, त्यातली चौकटीपेक्षा मोठी असतील तेवढीच लहान करा. लहान करताना जुने डागही बरेच विरतात. जी मापाला बरोबर आहेत, ती नव्या फॉरमॅटच्या मोहात न पडता आहेत तशी राहू द्या.